आमची दहा मिनिटं आणि त्यांचं घर : ह्युस्टनचा आय-४५

बायूकाठ

गेली अकरा वर्षं ह्युस्टनच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो, नोकरी डाउनटाउनात. मधे आय-४५ हा महामार्ग. सकाळी सव्वासहाला निघालो तर माणसासारखा पोचतो, पावणेसात झाले की ब्रेकचे लाल दिवे मोजत बसायचं. म्हणून काही वर्षांपूर्वी टेक्सडॉटने, म्हणजे टेक्सासच्या वाहतूक खात्याने, हा फ्रीवे रुंद करायचा आराखडा लोकांपुढे ठेवला तेव्हा मी एका ओळीचा अभिप्राय लिहून पाठवला होता : 'आधीच फार उशीर झालाय, लवकर सुरू करा.' ती ओळ लिहिलेली मी विसरूनही गेलो होतो.

आमच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला एक बाई येतात. मूळच्या मेक्सिकोच्या, इथे पंचवीसेक वर्षं झाली. मनात मी त्यांना मावशी म्हणतो, तोंडावर सेन्योरा. गेल्या महिन्यात त्यांनी पिशवीतून चार घड्या घातलेलं पत्र काढलं आणि 'यात काय लिहिलंय ते सांग' म्हणाल्या. त्या नियर नॉर्थसाइडला, डाउनटाउनच्या उत्तरेकडच्या वस्तीत, भाड्याने राहतात. पत्र त्या इमारतीची जागा रस्त्याला लागणार असल्याबद्दल होतं. भाषा अगदी सभ्य. मी जमेल तसं समजावून सांगितलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. जायचं कधी? पैसे मालकाला मिळणार की मला? नातीची शाळा बदलेल का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री घरी येऊन पर्यावरण अहवाल उघडला. त्यातले आकडे : १,०७९ घरं जाणार. त्यातली १६० स्वतंत्र घरं, ४३३ अपार्टमेंट आणि ४८६ सरकारी किंवा अल्प उत्पन्न गटाची घरं. शिवाय ३४४ व्यवसाय, ५ प्रार्थनास्थळं, २ शाळा. निम्म्याच्या आसपास घरं अशा लोकांची, ज्यांना मुळातच दुसरीकडे परवडत नाही म्हणून ते तिथे राहत होते.

आणि ही पहिली खेप नाही. १९६०च्या दशकात आय-१० आणि ५९ नंबरचा रस्ता असे दोन फ्रीवे फिफ्थ वॉर्डातून आडवेउभे गेले. पिअर्स एलिव्हेटेड हा डाउनटाउनच्या कडेचा उंच तुकडा १९६७ला झाला, तेव्हा फोर्थ वॉर्ड कापला गेला. इंडिपेन्डन्स हाइट्स ही १९१५ साली कृष्णवर्णीयांनी स्वतःची नगरपालिका म्हणून वसवलेली वस्ती, टेक्सासमधली अशी पहिली. तिच्या अंगावरून ६१० लूप हा शहराभोवतीचा वर्तुळाकार फ्रीवे गेला, आता ४५ची रुंदी सरकतेय. ज्यांनी एकदा दिलं त्यांच्याकडेच पुन्हा मागायला जायचं, असा हा प्रकार.

रुंदीकरण करूच नका असं म्हणायला मी हा धागा काढलेला नाही. रोज त्या रस्त्यावर मीही असतो. पण ज्याची दहा मिनिटं वाचणार तो आणि ज्याचं घर जाणार तो, हे दोघे एका नकाशावर कुठे दिसतच नाहीत. नकाशावर फक्त एक लाल रेघ असते. तुमच्याकडे, म्हणजे जिथे जिथे तुम्ही राहता तिथे, असं काही झालंय का? यातून बरी वाट कुणी काढलेली पाहिली आहे का?

लेनबदलू

मी केटीचा, ह्युस्टनच्या पश्चिमेकडचा. आमच्याकडे हा प्रयोग होऊन गेलाय. केटी फ्रीवे २००८ला पूर्ण झाला, २.८ अब्ज डॉलर लागले, फीडर, म्हणजे कडेचे जोडरस्ते, धरून काही ठिकाणी २६ लेन आहेत. उद्घाटनानंतरची दोन वर्षं काय थाट होता म्हणून सांगू! नंतर २०११ ते २०१४ या तीन वर्षांत सकाळच्या गर्दीचा प्रवासवेळ ३० टक्क्यांनी वाढला आणि संध्याकाळचा ५५ टक्क्यांनी. रस्ता मोकळा दिसला म्हणून आमच्यासारखी मंडळी पश्चिमेला आणखी लांब घरं घेत गेली. मीसुद्धा त्यातलाच, त्यामुळे दोष कुणाला देऊ?

तुमची दहा मिनिटं पाच वर्षं टिकली तरी खूप झालं.

शेवग्याची_शेंग

बायूकाठ, लेख चांगला आहे, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते.

२००५ सालचं रिटा वादळ आठवतंय का कुणाला? कतरिनाला तीन आठवडे झाले होते, सगळे भेदरलेले. पंचवीस लाखांहून जास्त लोक एकदम निघाले. आम्ही ह्युस्टनच्या दक्षिणेकडच्या क्लिअर लेकहून निघालो, आणि ह्युस्टन ओलांडायलाच चौदा तास लागले. एसी बंद, काचा उघड्या, मागच्या सीटवर सात महिन्यांचा मुलगा. पेट्रोल पंप कोरडे. रस्त्याच्या कडेला लोक ओली फडकी डोक्यावर घेऊन बसलेले. वादळापेक्षा त्या स्थलांतरात जास्त माणसं गेली. डॅलसजवळ याच ४५वर वृद्धाश्रमातल्या लोकांची बस पेटली आणि २३ जण मेले. समुद्रकाठच्या गॅल्व्हेस्टनपासून उत्तरेला पळायचा मुख्य रस्ता हाच आहे. हा काही नुसता ऑफिसला जाणाऱ्यांच्या दहा मिनिटांचा प्रश्न नाही.

आणि डाउनटाउनच्या तुकड्यात ती वळणं, ते डावीकडून निघणारे फाटे किती धोक्याचे आहेत ते रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

पुणेरी_ठोकळा

चला, अमेरिकेतल्या लोकांनाही रस्त्यात घर गेल्याचं दुःख होतं हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे आधी बुलडोझर येतो, मग नोटीस, मग मंत्री, मग नारळ.

बायूकाठ

ठोकळेबुवा, नारळाचा क्रम चुकला :) पण विनंती, धागा 'तिकडे वाईट की इकडे' यावर नेऊ नका. तो वाद आपण दर गणपतीत घालतोच.

शेंगताई, रिटाची आठवण अंगावर आली. तुमचा मुद्दा मला टाळायचा नाही. फक्त एक, वादळात पळायला आधी गाडी लागते. नियर नॉर्थसाइडमध्ये कितीतरी घरी ती नाही. म्हणजे रस्ता त्यांच्या घरावरून जाणार आणि ते मात्र फीडरवर बसची वाट बघत उभे.

चेंबूरची_पाखरं

तुलना नको म्हणालात, तरी लिहिते, कारण माझं माहेर रस्त्यात गेलं आहे. कुर्ल्याच्या बाजूला, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडमध्ये.

आमच्या दारावर एक दिवस रंगाने नंबर लिहून गेले. तेव्हापासून वस्तीत एकच प्रश्न : 'सर्व्हेत नाव आहे ना?' शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लाइटबिल असं सगळं आईने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं, आणि पावसाळ्यात ती पिशवी उशाला घेऊन झोपायची. घर मिळालं. २२५ चौरस फूट, पक्कं, संडास आत. खोटं कशाला बोलू, आईला त्या संडासाचा आनंद झाला होता.

पण बाबांचं शिवणकाम आधीच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर चालायचं. मानखुर्दला सातव्या मजल्यावर कोण ब्लाउज शिवायला येणार? लिफ्ट बंद असली की विचारूच नका. दोन वर्षांत मशीन विकलं. बाबा नंतर वॉचमनची नोकरी करायचे.

दुकानदारांचं तर आणखी वेगळं. दुकान कितीही मोठं असो, मोफत गाळा २२५ चौरस फुटांपर्यंतच. त्यांनी २००४मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी समितीकडे तक्रार नेली, कारण पैसा त्या बँकेचा होता. मार्च २००६मध्ये बँकेने रस्त्याच्या भागाचे पैसे थांबवले, आणि जूनमध्ये पुन्हा सुरू केले. त्या तीन-चार महिन्यांत अधिकारी जेवढे नीट बोलले तेवढे आधी कधी बोलले नव्हते. रस्ता शेवटी २०१४ला उघडला. मी त्यावरून अजूनही जाते, वेळ वाचतो हेही खरंच आहे.

तुमच्या मावशींनी नातीच्या शाळेचं विचारलं ना, तिथेच मी थांबले. भरपाईच्या तक्त्यात शाळेला, गिऱ्हाइकाला, शेजारणीला रकानाच नसतो.

लेनबदलू

पाखरंताई, __/\__

कागदवाली

मी टेक्सासमध्ये वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कामातली मदतनीस, आहे. आमच्याकडे जमीन संपादनाची प्रकरणं येतात. हा कायदेशीर सल्ला नाही, माहिती आहे. मावशींच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं देते.

अमेरिकेत १९७० सालचा युनिफॉर्म रिलोकेशन कायदा आहे. केंद्राचा पैसा लागलेल्या कुठल्याही प्रकल्पाला तो लागू होतो. निघायच्या आधी किमान ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि परवडेल असं, राहण्याजोगं पर्यायी घर उपलब्ध असल्याशिवाय माणसाला बाहेर काढता येत नाही.

पैसे कुणाला? जागेची किंमत मालकाला. पण भाडेकरूला वेगळी मदत मिळते, आणि ती मालकाच्या हातून येत नाही. हे मावशींना पहिल्यांदा सांगा, कारण पुष्कळ घरमालक 'तुझं काही नाही' म्हणून मोकळे होतात. हिशोब साधारण असा : नव्या घराचं भाडं आणि वीज-पाणी यातून जुन्या घराचं भाडं वजा करायचं (उत्पन्न कमी असेल तर उत्पन्नाच्या ३० टक्के वजा करायचे), आणि उरलेल्या फरकाला ४२ महिन्यांनी गुणायचं. याला वरची मर्यादा होती ७,२०० डॉलर, ती २०२४च्या नियमाने ९,५७० झाली. त्यात भागत नसेल तर 'हाउसिंग ऑफ लास्ट रिसॉर्ट' नावाची तरतूद आहे, तिच्याखाली मर्यादेबाहेर जाता येतं. सामान हलवायचा खर्च वेगळा.

आता मेख ऐका. अधिकृत बोलणी सुरू व्हायच्या आधी भाडेकरू स्वतःहून निघून गेला, तर बहुतेक वेळा त्याला काहीच मिळत नाही. आणि लोक निघतातच! रस्ता येणार येणार अशी दहा वर्षं नुसती हूल असते. मालक डागडुजी थांबवतो, छत गळतं, करार महिन्या-महिन्याचा होतो, आणि एके दिवशी कुटुंब कंटाळून बाहेर पडतं. त्यांची नोंद 'विस्थापित' म्हणून होतच नाही. ते १,०७९मध्ये सापडणार नाहीत.

दुसरं, १९९७पासून ज्यांचं इथलं वास्तव्य कायदेशीर नाही त्यांना ही मदत मिळत नाही, अगदी मोजके अपवाद सोडले तर. नियर नॉर्थसाइडमध्ये याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. पाखरंताईंच्या आईची प्लॅस्टिकची पिशवी इकडेही असते, फक्त काहींच्या पिशवीत घालायला कागदच नसतात.

शाळेचं उत्तर माझ्याकडे नाही.

खडीसम्राट

मी वाहतूक अभियंता. (टेक्सडॉटमध्ये नाही, त्यामुळे दगड जपून मारा.) थोडं यंत्राच्या आतलं सांगतो.

एक. 'रस्ता कशाला, ट्रेन बांधा' असं दर वेळी कुणीतरी म्हणतं. टेक्सासच्या राज्यघटनेतच लिहिलंय की इंधनकराचा तीन चतुर्थांश भाग आणि गाड्यांची नोंदणी यातून येणारा पैसा सार्वजनिक रस्त्यांवरच खर्च करायचा. २०१४ आणि २०१५ला मतदारांनी आणखी पैसा दिला, तोही रस्त्यांनाच आणि बिनटोल रस्त्यांना. हातात हातोडाच दिल्यावर खातं खिळेच ठोकणार. आधी तो पैसा सोडवायला हवा, तो आमदारांच्या हातात आहे, नकाशा काढणाऱ्याच्या नाही.

दोन. हा प्रकल्प म्हणजे नुसत्या चार लेन वाढवणं नाही. डाउनटाउनच्या पश्चिमेचा पिअर्स एलिव्हेटेड बंद करून ४५ पूर्वेला ५९/६९च्या सोबत नेणार आहेत. म्हणजे पश्चिमेच्या बाजूची जमीन मोकळी होणार आणि पूर्वेची दाबली जाणार. पश्चिमेला मिडटाउन, पूर्वेला फिफ्थ वॉर्डाची आणि थर्ड वॉर्डाची कड. आता 'समतोल' कुठल्या बाजूला कलला ते तुम्हीच ठरवा. पण फक्त गरिबांचंच गेलं असंही नाही, बेसबॉल मैदानाजवळची भारीतली लॉफ्ट अपार्टमेंटही पाडली गेली. फरक इतकाच की तिथल्या भाडेकरूला महिन्याभरात दुसरा लॉफ्ट सापडतो.

तीन, आणि हे आमच्या धंद्याचं पाप. आम्ही रस्त्याला अ ते फ अशी श्रेणी देतो, गाडी किती वेळ अडते त्यावरून. 'फ' मिळाला की रुंद करा. त्या श्रेणीत गाडीत बसलेला माणूस मोजला जातो, गाडीबाहेरचा नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ला कायदा करून ही पद्धत पर्यावरण परीक्षणातून काढली. जुलै २०२०पासून तिथे प्रकल्पामुळे एकूण किती मैल गाड्या जास्त धावतील ते बघतात. मोजपट्टी बदलली की तोच आराखडा एकदम दोषी दिसायला लागतो.

शेंगताई, वादळाचा मुद्दा बरोबर आहे. पण रिटात उलट दिशेच्या लेन उशिरा उघडल्या, त्याचा फटका मोठा होता. त्या वेळेवर उघडायला नियोजन लागतं, कुणाचं घर लागत नाही.

शेवग्याची_शेंग

मान्य. तरी गाडीत सात महिन्यांचं बाळ असताना हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला थर्मास फेकून मारला असता.

खडीसम्राट

:) रास्त आहे.

लाँगबीचची_लाट

लॉस एंजेलिसहून. बरी वाट कुणी काढली का, असं विचारलंत. आमच्याकडे दोन फ्रीवेंच्या दोन गोष्टी आहेत, दोन्ही अर्ध्या बऱ्या.

७१० : लाँग बीच आणि लॉस एंजेलिस बंदरांचे कंटेनर याच रस्त्याने बाहेर पडतात. देशात कंटेनरने येणाऱ्या आयातीतला ४० टक्क्यांच्या आसपासचा वाटा या दोन बंदरांचा. म्हणजे तुम्ही अमेरिकेत कुठेही असा, तुमच्या मिक्सरचं खोकं बहुधा बेल, मेवुड, कॉमर्स या गावांच्या नाकाखालून गेलेलं असतं. तिथल्या लोकांनी या पट्ट्याला 'डिझेल डेथ झोन' असं नाव दिलंय. शाळेच्या मैदानाला लागून ट्रकची रांग. तो रस्ता रुंद करायचा बेत वीस वर्षं चालला. २०१८ला पर्याय निवडला, खर्च सहा अब्ज, शंभरावर घरं जाणार होती. २०२१ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने हवेच्या प्रदूषणावर बोट ठेवलं, आणि मे २०२२मध्ये मेट्रो या आमच्या वाहतूक संस्थेच्या मंडळाने रुंदीकरणाचा बेत सोडला. लोक नाचले. मीही सभेला गेले होते, ऑनलाइन. पण ट्रक कुठे गेले? तिथेच आहेत. घरं वाचली, त्या घरांतला खोकला वाचला नाही.

दुसरी गोष्ट १०५ची, सेंचुरी फ्रीवे. ही माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळ आहे. १९७२ साली हॉथॉर्नचं एक जोडपं आणि इतर काही लोक कोर्टात गेले. न्यायाधीश हॅरी प्रेगरसन यांनी काम थांबवलं. तोवर रस्ते खात्याने हजारो घरं घेऊन ठेवलेली, ती कित्येक वर्षं ओस पडली. खिडक्या फुटल्या, आगी लागल्या, जे शेजारी उरले होते त्यांचं जगणं नको झालं. हेही लक्षात ठेवा, नुसती स्थगिती म्हणजे वस्तीचा विजय नव्हे. शेवटी १९७९ला तडजोडीचा हुकूमनामा झाला. रस्ता दहाऐवजी आठ लेनचा. मधोमध रेल्वे. आणि पाडलेल्या घरांच्या बदल्यात नवी घरं बांधून द्यायची, आधी ४,२०० ठरली. १९८१ला त्यात काटछाट झाली. रस्ता उघडला ऑक्टोबर १९९३मध्ये, एकवीस वर्षांनी.

त्या हुकूमनाम्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे घराच्या बदल्यात नुसता चेक नव्हता, घर होतं. शहरातला घरांचा साठाच कमी होत असेल तर चेक घेऊन माणूस जाणार कुठे? सगळे विस्थापित तेवढ्याच शिल्लक घरांसाठी भांडणार आणि भाडं वाढणार.

पुणेरी_ठोकळा

एकवीस वर्षं! आता जरा घरच्यासारखं वाटतंय.

बायूकाठ

लाटताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला.

ह्युस्टनमध्ये काय झालं ते थोडक्यात लिहितो, म्हणजे धागा अर्धवट राहायला नको. २०२०मध्ये तेव्हाचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी टेक्सडॉटला पत्र लिहिलं, की आहे त्या जागेतच काम बसवा आणि वाढीव लेनऐवजी वेगवान बसला जागा द्या. फेब्रुवारी २०२१ला टेक्सडॉटने मूळ आराखड्यावर शिक्का मारला. मार्चमध्ये केंद्राच्या महामार्ग प्रशासनाने १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली तक्रारी तपासायच्या म्हणून काम थांबवायला सांगितलं, आणि त्याच महिन्यात हॅरिस काउंटीने, म्हणजे ह्युस्टन ज्यात येतं त्या जिल्ह्याने, दावा लावला. डिसेंबर २०२२ला शहर आणि काउंटीने टेक्सडॉटशी समझोता केला. मार्च २०२३ला केंद्राचाही झाला. त्यात परवडणाऱ्या घरांसाठी तीन कोटी डॉलर, हवेचं मोजमाप, पाण्याच्या निचऱ्याची कामं, आणि रुंदी कुठे कमी करता येईल ते तपासायचं कबूल केलं. २०२४ला डाउनटाउनच्या बाजूने काम सुरू.

तीन कोटी हा आकडा मोठा वाटतो. ४८६ सरकारी आणि अल्प उत्पन्न घरांनी भागून बघा, एका घरामागे ६१-६२ हजार डॉलर. तेवढ्यात ६१० लूपच्या आत गाडी लावायची जागाही येणार नाही. (सरकारी वसाहतींची भरपाई त्याहून वेगळी आहे, हे न्यायाने सांगतो. क्लेटन होम्स ही वसाहत २०१७च्या हार्वे वादळाच्या पुरात बुडाली होती, ती गृहनिर्माण प्राधिकरणाने टेक्सडॉटला विकली.) प्रकल्पाचा सुरुवातीचा अंदाज सात अब्जांचा होता, पुढे तो वरच चढत गेला.

सगळ्यांचं वाचून माझं आता असं झालंय की भांडण 'रस्ता की घर' असं मांडलं की रस्ताच जिंकतो, कारण रस्त्याच्या बाजूला रिटा आहे, ट्रक आहेत, माझ्यासारखे हजारो अभिप्राय आहेत. भांडण क्रमाचं मांडायला हवं. आधी त्याच शाळेच्या हद्दीत घर उभं करा, किल्ली हातात द्या, मग जुन्या घरावर खूण करा. इथे खूण आधी होते आणि किल्लीचं नंतर बघू.

खडीसम्राट

कागदावर सोपं आहे. त्याच शाळेच्या हद्दीत जमीन कुठून आणणार? आणि घरं बांधण्याचं काम रस्ते खात्याचं नाही, असं ते म्हणणार. त्यात तथ्यही आहे.

लाँगबीचची_लाट

१०५च्या वेळी हेच म्हणाले होते. कोर्टाने सांगितल्यावर जमलं.

चेंबूरची_पाखरं

शाळेची हद्द धरा, पण पाळणाघर आणि गिऱ्हाईकही धरा. आमची किल्ली आधीच हातात होती. किल्लीने मशीन चालत नाही.

बायूकाठ

खरंय. बाबांच्या मशीनचं माझ्या क्रमात बसत नाहीच.

बरं, कालची बातमी. मावशींबरोबर पुनर्वसनाच्या ऑफिसात जाऊन आलो. अर्धा दिवस रजा टाकली. ४५ने गेलो, अर्थातच अडकलो, आणि त्या शेजारच्या सीटवरून सगळा रस्ता बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांचं ग्रीन कार्ड आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांकडे काही नाही, ती आधीच निघून गेली म्हणाल्या.

तिथल्या बाई चांगल्या होत्या, स्पॅनिश बोलणाऱ्या. त्यांनी भाड्याच्या पावत्या मागितल्या. माझ्या पोटात गोळा आला, कारण मावशी भाडं चेकने देत नाहीत, मालक पावती देत नाही. मावशींनी पिशवीतून निळा गोल डबा काढला. तोच, डॅनिश बिस्किटांचा, ज्यात आपल्या घरी सुया-दोरे आणि बटणं असतात. आत नऊ वर्षांच्या मनीऑर्डरच्या सगळ्या स्थळप्रती, रबरबँड लावून, वर्षाप्रमाणे.

कागदवालीताई, एवढं पुरेल ना?

कागदवाली

पुरेल. उत्तम आहे. आता तीन कामं आजच करा. प्रत्येक स्थळप्रतीचा फोटो काढा, शाई उडते. वीजबिल त्यांच्या नावावर असेल तर तेही जोडा. आणि तो डबा त्यांच्या घरी ठेवू नका, वादळाचा मोसम चालू आहे. तुमच्याकडे वरच्या मजल्यावर कपाट आहे ना?

बायूकाठ

आहे. पण त्या डबा द्यायला तयार नाहीत. फोटो काढून घेतले, २१३ झाले.